थांबणाऱ्याची वायर

नेस्टरची गाडी अंगणात शिरली तेव्हा तिच्या पोटाखालून एक वायर फरफटत आली. त्याची बायको पारास्का स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती. उकडलेल्या कोबीची पानं सोडवता सोडवता तिचं लक्ष बाहेर गेलं आणि आधी तिला हसूच फुटलं. भिंतीतली वायर काढायला विसरून तशीच गाडी हाकणारे लोक कॅनडातल्या या सॅस्कटूनमध्ये दर हिवाळ्यात चार-दोन तरी निघत, आणि त्यांची टिंगल करण्यात नेस्टरचा हात कोणी धरला नसता. चर्चच्या हॉलमध्ये पत्ते पिसता पिसता तो अशा माणसाला हमखास विचारायचा, "काय रे, कुत्रं फिरवायला नेलं होतंस का?" आता त्याचंच कुत्रं त्याच्यामागून घरी आलं होतं. हे वाक्य त्याला ऐकवायचंच असं ती मनाशी घोळवत होती, पान हातातच होतं, आणि मग तिला ती दुसरी वायर दिसली. त्यांची स्वतःची, काळी. घराच्या बाहेरच्या भिंतीवर, प्लगशेजारच्या खिळ्याला, सकाळी नेस्टरने नीट वेटोळं करून अडकवलेली. आणि गाडीखाली होती ती नारिंगी होती.

उणे पस्तिसात इंजिनातलं तेल तूप थिजावं तसं थिजतं. म्हणून इंजिनाच्या आत हीटर असतो, त्याचा प्लग गाडीच्या तोंडाशी बाहेर लोंबत असतो, आणि रात्रभर तो वायरीने भिंतीला जोडून ठेवला की सकाळी गाडी सुरू होते. हे इथे पोरांनाही सांगावं लागत नाही. आणखीही एक गोष्ट कोणी कोणाला सांगत नाही, पण पाळतात सगळे. पाहुणा आला की घरातलं कोणीतरी आधी त्याच्या गाडीकडे बघतं. तो घटकाभर टेकणार असेल तर गाडी तशीच राहते. जेवणार असेल, मुक्कामाला असेल, घरचाच असेल, तर यजमान टोपी चढवून बाहेर जातो आणि न विचारता त्याच्या गाडीला वायर लावून येतो. पारास्काच्या लग्नानंतर पहिल्यांदा तिचा भाऊ आला होता तेव्हा सासऱ्याने उठून वायर लावली होती का, हे तिच्या आईने नंतर किती खोदून खोदून विचारलं होतं. म्हणजे नेस्टर कुठेतरी बराच वेळ बसला होता. असा बसला होता की त्या घराने त्याला आपला मानून भिंतीतली वीज दिली होती. आणि हॉलमध्ये तर बाहेरून प्लगच नव्हता. बिल वाढेल म्हणून फादरनी तो कधी बसवू दिला नव्हता, त्यामुळे पत्ते खेळणारे म्हातारे आळीपाळीने बाहेर जाऊन सगळ्यांच्या गाड्या गरम करून यायचे. मंगळवारी आणि शुक्रवारी नेस्टर हॉलमध्ये जात होता. निदान तो तसं सांगत होता.

तो दारात बुटांवरचं बर्फ झटकत आत आला. गाल लाल, भुवयांवर पांढरं. खूश दिसत होता, आणि ते तिला आधी खुपलं.

"कोणाची वायर आणलीस?" ती म्हणाली.

"कुठली वायर?"

"बघ की बाहेर. शेपूट फुटलंय गाडीला."

तो खिडकीशी आला. बघत राहिला. मग त्याने पुन्हा टोपी चढवली आणि बाहेर गेला. ती खिडकीतून पाहत होती. गुडघे धरत तो वाकला, गाडीच्या तोंडाशी काहीतरी ओढलं, आणि वायर गोळा करायला लागला. पण थंडीने ती काठीसारखी ताठ झाली होती, गोळाच होईना. शेवटी तो तिला बगलेत मारून आत घेऊन आला आणि त्याने ती लिनोलियमच्या जमिनीवर टाकून दिली. ती तिथे वेडीवाकडी पडून राहिली आणि हळूहळू मऊ पडायला लागली, अंगावर पाणी धरायला लागली. भिंतीकडच्या टोकाच्या पिना वाकल्या होत्या. आणि त्या टोकापासून हातभर अंतरावर इस्पितळातली पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली होती.

ती पट्टी पारास्काने स्वतः इस्पितळाच्या धोबीखान्यातून आणली होती, नोकरीत असताना. तिथे सगळे तिला पर्ल म्हणत, कारण पारास्का म्हणायला तिथल्या मुकादमाची जीभ वळत नसे, आणि एवढी वर्षं पर्ल म्हणून घेतल्यावर एखाद्या पट्टीचं रीळ आपलं म्हणायला हरकत नाही असं तिला वाटलं होतं. बर्फाच्या फावड्याने वायर चिरली होती तिथे नेस्टरने ती गुंडाळली होती. आणि मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात तो म्हणाला होता की वायर चोरीला गेली. पारास्काने त्या चोरीचा आळ मनातल्या मनात शेजारच्या लिंडक्विस्टवर घेतला होता. त्याच्या अंगणात वायरी फार, आणि नजर खाली. तेव्हापासून तिने त्याला नमस्कार घालणं सोडलं होतं. त्याची बायको गेली तेव्हासुद्धा ती फक्त कार्ड टाकून आली होती, त्याच्यासाठी काही रांधून नेलं नव्हतं. आता तो बिचारा लिंडक्विस्ट एकदम निर्दोष होऊन बसला, आणि तिला त्याचाही राग आला.

"लिंडक्विस्टकडे सापडली वाटतं," ती म्हणाली.

"नाही."

"मग?"

तो खुर्चीवर बसला. बूट काढलेच नव्हते, त्यांच्याखाली पाण्याचं थारोळं व्हायला लागलं. आणि पारास्काच्या डोक्यात स्टेफा हावरिल्याक येऊन उभी राहिली. विधवा, केस रंगवलेले, खसखशीच्या गुंडाळ्या करण्यात पटाईत, प्रार्थनेनंतर पुरुषांच्या बाकाकडे बघून हसणारी. तिच्या घराच्या भिंतीला प्लग होता, दाराच्या उजव्या हाताला, हे पारास्काला कसं आणि कधी ठाऊक झालं होतं कोण जाणे. तिने झटपट सगळं जुळवलं. दुपार, पडदे, गुंडाळ्या, आणि बाहेर तिच्या पट्टीची वायर लावलेली त्यांची गाडी, रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसेल अशी. जुळवताना तिला संताप तर झालाच, पण त्या संतापात कुठेतरी गंमतही होती. एवढ्या म्हातारपणी या माणसात एवढी धग उरली असेल तर तो अगदीच कामातून गेलेला नाही. उद्या हॉलमध्ये कोण काय म्हणेल, आपण काय घालून जाऊ, मान कशी ठेवू, इथपर्यंत ती येऊन पोचली होती. आपल्याला हे झेपेल असं तिला वाटलं. बायका झेलतात हे.

"लारिसाकडे होतो," नेस्टर म्हणाला.

हातातलं कोबीचं पान तिने परत पातेल्यात ठेवलं. नीट, फाटू न देता. लारिसा म्हणजे त्यांची मुलगी, एकुलती एक. तिचं नाव या घरात निघाल्याला पाच हिवाळे झाले होते.

"लारिसा कॅलगरीला आहे."

"होती. आता इथेच आहे. नदीपलीकडे भाड्याने घर घेतलंय. शाळेच्या मागच्या रस्त्यावर."

"कधीपासून?"

"झाले दोन हिवाळे."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"ती म्हणाली सांगू नका."

"आणि तू ऐकलंस."

"एकदा तुझं ऐकलं होतं," नेस्टर म्हणाला. तो तसं टोचून बोलणारा माणूस नव्हता. आवाजही चढला नव्हता. म्हणून तर ते वाक्य खोलीतून जाईना.

मग ती उगाचच म्हणाली, "एवढी वर्षं वायर काढायला कधी विसरला नाहीस. आजच बरा विसरलास."

"हालिया खिडकीतून हात करत होती," तो म्हणाला. हालिया म्हणजे लारिसाची मुलगी. "मीही तिला हात करत करतच निघालो." आणि हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते त्याला आवरता आलं नाही. पारास्काने पाठ फिरवली. स्टेफा हावरिल्याक किती सोपी होती, असं तिच्या मनात आलं.

पाच हिवाळ्यांपूर्वीच्या त्या दिवशीही ती याच ओट्याशी उभी होती. नाताळ होऊन आठवडा झाला असेल, दुपार कलली होती, उजेड निळा पडला होता. लारिसा दोन वर्षांची पोर काखेत घेऊन आली. दुसऱ्या हातात बॅग. ओठ फुटलेला. पारास्काने तो पाहिला आणि पाहिला नाही असं केलं, बीटचं सूप गरम करून पुढे ठेवलं. लारिसा बोलत होती, पारास्का ऐकत होती आणि सगळा वेळ त्या बॅगेकडे बघत होती. बॅग मोठी होती. बॅगेत उन्हाळ्याचेसुद्धा कपडे असणार. ओरेस्ट, जावई, चर्चच्या गायनात पहिल्या रांगेत उभा राहायचा, त्याचा बाप गायनमंडळाचा प्रमुख, लग्नात अख्खं चर्च जेवलं होतं. आणि कोणाच्या घरात फुलं अंथरलेली असतात? पारास्का स्वतः लग्नानंतर पहिल्याच वर्षी शेतावरून माहेरी पळून गेली होती, तर तिच्या आईने तिला बसूही दिलं नव्हतं. ज्या घसरगाडीतून आली त्याच घसरगाडीतून परत, घोड्यांचा घाम वाळायच्या आत. नेस्टर तेव्हा दारू पीत असे. पुढे सुटली. सुटतेच, थांबलं तर. थांबली म्हणून तर हे घर उभं राहिलं, हे ती लारिसाला सांगणार होती, सगळं नीट, समजावून. पण तेवढ्यात नेस्टर उठला आणि त्याने खुंटीवरची टोपी काढली. लेकीच्या गाडीला वायर लावायला निघाला, न विचारता, सवयीने. आणि पारास्काला दिसलं की एकदा ती वायर लागली की संपलं. मग रात्र, मग उद्या, मग बॅग उघडणार, मग रविवारी चर्चमध्ये सगळ्यांच्या माना वळणार.

"बस खाली," ती म्हणाली होती. "वायर लावू नकोस. ती थांबणार नाहीये."

ब्रेड आणखी कापू नकोस म्हणावं अशा आवाजात म्हणाली होती. लारिसाचा चमचा पोरीच्या तोंडाशी होता. तो तिने पोरीला भरवला. उरलेलं सूपही भरवलं, सावकाश, तळापर्यंत. मग पोरीला कोट घातला. बाहेर गाडी गारठून गेली होती, चावी फिरवल्यावर किती वेळ कण्हत राहिली ते पारास्काला आत ऐकू येत होतं, आणि शेवटी इंजिन लागलं तेव्हा तिने सुस्कारा टाकला होता. लागलं एकदाचं. ती नवऱ्याकडे गेली असेल असं तिने धरलं होतं. पण लारिसा नवऱ्याकडे गेली नाही, आणि त्यांच्याकडेही पुन्हा आली नाही. आपण काही वाईट केलं असं पारास्काला तेव्हाही वाटलं नव्हतं, आताही वाटत नव्हतं, आणि वाटत नाही हे ती स्वतःला फारच वरचेवर सांगत असे. नाताळच्या आदल्या संध्याकाळी मध घातलेले गहू आधी आणि मग बाकीची ताटं मांडताना एक ताट जास्तीचं ठेवायची रीत होती, जो आला नाही त्याच्यासाठी. ते युद्धात गेलेल्या माझ्या थोरल्या भावाचं, असं ती दरवर्षी मोठ्याने म्हणायची. नेस्टर त्या ताटाकडे बघत जेवायचा. गेली दोन वर्षं तो बघत नव्हता. तेव्हा तिला वाटलं होतं, विसरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कोबीच्या गुंडाळ्यांचं भांडं टॉवेलात बांधलं, नारिंगी वायर वेटोळं करून कोटाच्या बाहीवर चढवली आणि गाडीची चावी उचलली. रात्रभर डोळा लागला नव्हता. तिला लेकीला काय सांगायचं होतं ते दहा तऱ्हांनी तयार होतं, आणि त्यातली एकही तऱ्हा क्षमा मागायची नव्हती. वायर परत करायची. भांडं द्यायचं. पोर किती मोठी झाली ते बघायचं. आत बोलावलं तर जायचं, बस म्हणाली तर बसायचं. तिला लेक परत हवी होती, एवढीच साधी गोष्ट, आणि ती मनातल्या मनातसुद्धा सरळ म्हणवत नव्हती.

"मी येऊ?" नेस्टरने विचारलं. त्याने बाहेर जाऊन त्यांची काळी वायर गाडीतून काढली, खिळ्याला अडकवली, आणि पुन्हा वळून गाडीचं तोंड तपासलं.

"तू जा पत्ते खेळायला," ती म्हणाली.

पुलावर गाडी घेताना खाली नदीतून वाफ उठत होती. सगळं शहर चिमण्यांच्या धुरात सरळ उभं होतं. पाच मिनिटांचा तर रस्ता. दोन हिवाळे ती याच पुलावरून दंतवैद्याकडे जात होती, बाजाराला जात होती, शाळेच्या मागचा रस्ता डाव्या हाताला सोडून पुढे जात होती. तिला एकाएकी नेस्टरचा तिरस्कार वाटला. या माणसाने नातवंडाचा गोड वास कोटाला लावून घरी यावं, तिच्या शेजारी झोपावं, आणि घोरावं.

घर हिरवं होतं, बुटकं. दाराशेजारच्या प्लगचं झाकण तुटून लोंबत होतं, काल नेस्टरने गाडीबरोबर वायर ओढून नेली तेव्हाचं. तिने गाडी उभी केली आणि हात चावीवर ठेवून बसली. उभ्या उभ्या जायचं असेल तर लोक इंजिन चालूच ठेवतात. बंद करणं म्हणजे काहीतरी मागणं. तिने दोनदा हात काढला. मग चावी फिरवली, आणि इंजिन थांबल्यावर जी शांतता झाली तिची तिला भीती वाटली.

दार धाडकन उघडलं. बटणं न लावलेला कोट, पायात आईचे बूट, एक मुलगी हात पसरून धावत आली. "आजोबा! आजोबा, तुम्ही आमची वायर..." आणि काचेतून बघून थबकली. हात तसेच पसरलेले राहिले, मग खाली आले. पारास्काने दार उघडलं, गुडघ्यांवर जोर देत उतरली.

"ही घे तुमची वायर," ती म्हणाली.

"आजोबा नाही आले?"

"नाही."

"गाडी तर त्यांचीच आहे." मुलीच्या आवाजात संशय होता. नाक नेस्टरचं होतं, फेंदारलेलं. आणि उजव्या गालावर, डोळ्याच्या खाली, नाण्याएवढा पांढरट डाग होता, त्याची कड हळूहळू लाल होत होती.

लारिसा पडवीच्या दारात आली. दाराची एक बाजू धरून उभी राहिली. केस कापले होते. जाडी झाली होती थोडी, आणि ते तिला शोभत होतं. पारास्काने तिच्या ओठाकडे पाहिलं. ओठ नीट होता, बारीकशी रेघ होती फक्त.

"बाबा बरे आहेत ना?" लारिसाने विचारलं.

"बरा आहे. विसरायला लागलाय."

"हो. काल हाका मारल्या मी. ऐकू नाही गेलं."

"कोबीच्या गुंडाळ्या आणल्यात. भात आणि मटण भरलंय. तुला आवडायच्या."

"आवडतात," लारिसा म्हणाली, आणि दोन्ही हातांनी भांडं घेतलं. "भांडं बाबांच्या हाती पाठवते." ती खोटं हसत नव्हती, की तोंड वाकडं करत नव्हती. एखाद्या चांगल्या शेजारणीशी बोलावं तसं बोलत होती. पारास्काला दहा तऱ्हांपैकी एकही आठवेना. आतून टोस्टचा वास येत होता, रेडिओ चालू होता, उष्ण हवेचा एक झोत तिच्या पायापर्यंत येऊन परतत होता.

"आई, या कोण?" मुलीने विचारलं.

"आजोबांच्या घरच्या," लारिसा म्हणाली.

"हिच्या गालाला काय झालं?" पारास्काने विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

उत्तर मुलीनेच दिलं. तिला ते सांगायची सवय असावी. "मी बाळ होते ना, तेव्हा आमची गाडी पुलावर बंद पडली. सुरूच होईना. मग आई मला घेऊन चालत चालत गेली, तेव्हा हा गाल गोठला. मला काही आठवत नाही. थंडीत इथे दुखतं थोडं." तिने गालावर बोट ठेवलं. "म्हणून आम्ही सगळ्यांच्या गाडीला वायर लावतो. नळ दुरुस्त करायला माणूस आला होता ना, त्याच्यासुद्धा."

पारास्का लारिसाकडे बघत होती. लारिसा भांड्याची गाठ नीट करत होती. म्हणजे नेस्टरला हे ठाऊक होतं. दोन हिवाळे तो हा गाल बघून घरी येत होता, आणि ती त्याला विचारायची, कोण जिंकलं? त्या संध्याकाळी तिने इंजिन लागल्याचं ऐकलं होतं, सुस्कारा टाकला होता, आणि सुपाची थाळी धुवायला घेतली होती. गरम पाणी होतं. थाळी धुताना बोटांना बरं वाटलं होतं, हे तिला आठवलं, आणि ते कधी आठवलं नसतं तर बरं झालं असतं. तेव्हा त्या दोघी पुलावर होत्या.

"लारिसा," ती म्हणाली. पुढचं येईना. ज्या शब्दाची तिने रात्रभर तयारी केली नव्हती तोच नेमका लागत होता.

मुलगी तोवर गाडीपाशी पोचली होती. भल्यामोठ्या बुटांत उकिडवी बसून तिने गाडीच्या तोंडाशी लोंबणारा प्लग एका हातात धरला होता, नारिंगी वायरीचं टोक दुसऱ्या हातात. आजोबांकडून शिकली असणार, दोन्ही टोकांवर फुंकर घालून बर्फ उडवत होती. मग मान वर करून तिने आईकडे पाहिलं.

"लावू ना?"

पारास्काने श्वास धरला. थंडीत धरवत नाही, छातीत दुखतं, तरी धरला.

"नको, हालिया," लारिसा म्हणाली. "वायर लावू नकोस. त्या थांबणार नाहीयेत."

त्या आवाजात पारास्का राग शोधत राहिली. असता तर त्याला धरून काही बोलता आलं असतं, भांडता आलं असतं. मुलगी हिरमुसली. वायर ओढत भिंतीपाशी गेली, तिला जमेल तसं वेटोळं केलं आणि पांढरी पट्टी बाहेरच्या बाजूला येईल अशी खिळ्याला अडकवली.

"सांभाळून जा," लारिसा म्हणाली. "पुलावर घसरडं आहे."

दार लागलं. पारास्का गाडीत बसली आणि चावी फिरवली. गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. इंजिन अजून गरम होतं. त्याला गार व्हायला वेळच मिळाला नव्हता.